लुका देल्ला रोब्बिया आणि भाजलेली माती

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात मातीला प्रतिष्ठा नाही. पावसाळा सरला की वीटभट्ट्या लागतात, कातकरी कुटुंबे तिथे राबतात. देवघरात किंवा चर्चमध्ये मूर्ती हवी असली, की ती बहुधा शहरातून येते आणि प्लास्टरची असते. फ्लॉरेन्सच्या लुका देल्ला रोब्बियाची (सुमारे १४००-१४८२) कामे पाहताना ही विसंगती टोचू लागते.

लुका मुळात संगमरवराचा शिल्पकार. १४३१ ते १४३८ या काळात त्याने तेथील कॅथेड्रलसाठी गायकांचा सज्जा कोरला आणि १५० वे स्तोत्र नाचत्या-गात्या मुलांच्या रूपाने दगडात उतरवले. असा कलावंत मातीकडे का वळला? चरित्रकार वासारी सांगतो, की दगडात श्रम फार आणि मोबदला थोडा. कारण व्यवहारी असेल, निष्पत्ती तशी नाही. भांड्यांपुरती वापरात असलेली शिसे-कथिलाची शुभ्र, अपारदर्शक झिलई त्याने मूर्तीवर चढवली. भाजलेली माती पाणी पिते. काचेसारखा हा थर तिला पिऊ देत नाही. घाटाखालचा आषाढ सोसलेल्यांना याचे मोल सांगायला नको.

कॅथेड्रलच्या उत्तरेकडील सॅक्रिस्टीच्या दारावर त्याचे ‘पुनरुत्थान’ (१४४२-४५) आहे. हे अर्धवर्तुळाकार शिल्प तुकड्यातुकड्यांनी भाजून जोडलेले आहे. निळ्या आकाशावर शुभ्र ख्रिस्त, दोन्ही बाजूंना देवदूत, खाली गाढ झोपलेले शिपाई. वेदनेचे प्रदर्शन कुठेच नाही. रंगाचा हा संयम हीच मला त्याची खरी उपासना वाटते. तरीही एक उणीव जाणवते: सज्ज्यावरच्या मुलांतला खट्याळ जिवंतपणा या शांत शुभ्रतेत हरवला आहे.

तो काही अंशी परत आला तो पुतण्या आंद्रेआच्या हातून. (घराण्याची कार्यशाळा पुढे साच्यांच्या आणि फळाफुलांच्या रंगीत माळांच्या आहारी गेली, ती गोष्ट निराळी.) फ्लॉरेन्समधील इन्नोचेन्ती अनाथाश्रमाच्या दर्शनी भागावर त्याने १४८७ च्या सुमारास मातीची बाळे बसवली. निळ्या वर्तुळात, दुपट्यात गुंडाळलेली, हात पसरलेली. ती राजपुत्र नाहीत, देवदूतही नाहीत. टाकून दिलेली मुले आहेत. आईबाप विटा थापत असताना भट्टीच्या कडेला झोळीत निजलेले मूल ज्याने पाहिले आहे, त्याला ती परकी वाटणार नाहीत.