रानफळांच्या वर्णनातील ‘असून’

करवंद, जांभूळ, रातांबा या आपल्याकडील फळांच्या पोषणमूल्यांविषयी मराठीत बरेच लेखन होत आहे. रानमेव्याकडे अभ्यासकांचे लक्ष वळावे, हे इष्टच होय. तथापि या लेखनाची वाक्यरचना तपासली असता तीत एक दोष वारंवार आढळतो. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच आहे.

‘जांभळात अँथोसायनिन विपुल असून ते मधुमेहावर गुणकारी आहे’ हे या धर्तीचे वाक्य घेऊ. यातील ‘ते’ हे सर्वनाम कोणाचे? जांभूळ आणि अँथोसायनिन ही दोन्ही नामे नपुंसकलिंगी असल्यामुळे ते दोहोंकडेही जाते. ‘असून’ हे ऊन-प्रत्ययान्त रूप येथे दोन विधाने केवळ जोडते. वाचक मात्र त्यात कार्यकारणभाव पाहतो. परिणामी लेखकाने न मांडलेला सिद्धांत वाचकाच्या मनात सिद्ध होऊन बसतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. अँथोसायनिन हा जांभळाच्या सालीत व गरात असणाऱ्या रंगद्रव्यांचा वर्ग होय. मधुमेहावर परंपरेने विशेषेकरून सांगितले जाते ते बियांचे चूर्ण. म्हणजे वाक्याचा पूर्वार्ध सालीविषयी आणि उत्तरार्ध बहुधा बियांविषयी! शिवाय रंगद्रव्य आणि जीवनसत्त्व यांना एका पंक्तीत बसविणे योग्य नव्हे. ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी स्कर्व्ही होतो. अँथोसायनिनच्या अभावी होणारा असा कोणताही रोग ज्ञात नाही. परीक्षानळीत ही द्रव्ये ऑक्सिडीकरणास रोध करतात, हे खरे. परंतु मूळ स्वरूपात त्यांचा अल्प अंशच रक्तात पोहोचतो. अमेरिकेच्या कृषिखात्याने अन्नपदार्थांच्या अशा रोधक्षमतेची कोष्टके २०१२ मध्ये मागे घेतली, ती परीक्षानळीतील आकड्यांवरून शरीरावरील परिणाम ठरविता येत नाही म्हणूनच.

लोकभाषा या बाबतीत अधिक काटेकोर म्हणावी लागेल. फळावरून तिने ‘जांभळा’ हा रंगवाचक शब्द घडविला. रंगालाच औषध मात्र म्हटले नाही.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नव्हे. अशा वाक्यावर विसंबून एखाद्या मधुमेह्याने चालू औषध सोडले, तर त्या ‘असून’ची किंमत त्याला प्रकृतीने मोजावी लागेल. म्हणून फळाचा कोणता भाग, त्यातील कोणते द्रव्य, किती मात्रा आणि प्रयोग परीक्षानळीत, प्राण्यावर की माणसावर, या चार गोष्टी स्वतंत्र वाक्यांत सांगण्याचा दंडक लेखकांनी पाळावा.