स्लाइड ट्रान्झिशन : शोभा की उभयान्वयी अव्यय?

सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्लाइड जाऊन दुसरी येताना पडद्यावर जी हालचाल दिसते, तिला ट्रान्झिशन म्हणतात. जुनी स्लाइड विरते, बाजूला सरकते, पानासारखी उलटते किंवा तुकडे होऊन उडते. शिकवताना हा विषय सहसा पाच मिनिटांत उरकला जातो : टॅब उघडा, परिणाम निवडा, प्रिव्ह्यू पाहा, सगळ्या स्लाइड्सना लागू करा. कसे करायचे ते कळते. का करायचे हा प्रश्न राहून जातो. या टिपणात त्या प्रश्नाकडे समीक्षेच्या नजरेने पाहू. चित्रपटातल्या संकलनाची समीक्षा होते, तशी या छोट्या दृश्य युक्तीचीही व्हायला हवी, कारण तीही प्रेक्षकाला काहीतरी सांगत असते.

मुख्य मुद्दा असा. ट्रान्झिशन हे व्याकरणातल्या उभयान्वयी अव्ययासारखे असते. 'आणि', 'पण', 'म्हणून' हे शब्द दोन वाक्यांमधले नाते सांगतात. नाते नसताना 'म्हणून' लिहिले, तर ते वाक्य सुंदर अक्षरात लिहूनही चुकीचेच राहते. ट्रान्झिशनही दोन स्लाइड्समधले नाते सांगते. नाते नसेल तर हालचाल नको. आणि प्रिव्ह्यूचे बटण हे नाते तपासत नाही, ते फक्त हालचाल दाखवते.

यात विद्यार्थ्याचे काय पणाला लागलेले असते, ते एका साध्या हिशोबाने पाहू. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी १० मिनिटे मिळाली आहेत आणि २० स्लाइड्स आहेत. प्रत्येक ट्रान्झिशन ४ सेकंदांचे ठेवले, तर १९ बदलांना ७६ सेकंद लागतात. म्हणजे एकूण वेळेचा जवळजवळ आठवा भाग. त्यातही हालचाल चालू असताना बहुतेक वक्ते थांबतात आणि ऐकणाऱ्याचा धागा तुटतो. वर्षभराच्या कामाला मिळालेल्या दहा मिनिटांतला हा तोटा कोणी मोजत नाही.

१. हातातून पडद्यावर

पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी आली. ती बनवणारी फोरथॉट ही कंपनी त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. त्या आवृत्तीचा मुख्य उपयोग ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका छापण्यासाठी होता. संगणकावरूनच स्लाइड शो दाखवणे आणि त्यात ट्रान्झिशन वापरणे हे १९९२ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून रुळले.

पारदर्शिकांच्या काळातही ट्रान्झिशन होतेच, पण ते शिक्षकाच्या हातात होते. नवा मुद्दा सुरू करायचा तर पारदर्शिका उचलून दुसरी ठेवायची. आकृतीत भर घालायची तर पहिलीवरच दुसरी ठेवायची. उत्तर लपवायचे तर कागदाने खालचा भाग झाकायचा आणि कागद हळूहळू खाली ओढायचा. हाताच्या या तीन हालचालींना तीन अर्थ होते : बदल, भर आणि उलगडा. आज मेनूत डझनावारी परिणाम आहेत, पण हा साधा अर्थविचार त्यांच्यासोबत आलेला नाही.

दोष थोडा मेनूच्या रचनेतही आहे. पॉवरपॉइंटमध्ये ट्रान्झिशन 'सटल', 'एक्सायटिंग' आणि 'डायनॅमिक कंटेंट' अशा गटांत मांडलेले असतात. पहिले दोन गट तर सरळ परिणामाच्या जोरावर पाडलेले आहेत. व्याकरणाच्या पुस्तकात अव्ययांचे 'सौम्य' आणि 'रोमांचक' असे वर्ग पाडले तर जसे वाटेल, तसे हे आहे. विद्यार्थी मग 'यातले कोणते नाते सांगते?' असे न विचारता 'यातले कोणते भारी दिसते?' असे विचारतो.

२. पारखण्याची कसोटी

बार्बरा ट्व्हर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली शिक्षणातल्या ॲनिमेशनवरील संशोधनाचा आढावा घेतला. हालचाल असलेले चित्र स्थिर चित्रापेक्षा चांगले शिकवतेच, या समजाला त्यात फारसा आधार मिळाला नाही. त्यांनी दोन तत्त्वे मांडली. पहिले अनुरूपतेचे : चित्राची रचना आशयाच्या रचनेशी जुळली पाहिजे. दुसरे आकलनाचे : जे दाखवले ते पाहणाऱ्याला सहज आणि अचूक टिपता आले पाहिजे.

ट्रान्झिशनसाठी हीच कसोटी वापरता येते. हालचाल दोन स्लाइड्समधल्या नात्याशी जुळते का? आणि ती डोळ्यांना टिपता येते का? या दोन प्रश्नांवर काही नेहमीची ट्रान्झिशन घासून पाहू.

३. काही ट्रान्झिशनची पारख

कट म्हणजे थेट बदल, जवळजवळ ट्रान्झिशन नसल्यासारखाच. तो पूर्णविरामाचे काम करतो. त्याचा आणखी एक गुण दुर्लक्षित आहे. एकाच जागी, एकाच मापात ठेवलेले दोन आलेख कटने बदलले, तर जेथे फरक आहे तेथेच नजर जाते.

फेड वापरताना एक बारीक भेद लक्षात ठेवावा. त्याच्या पर्यायांत एक सरळ विरघळण्याचा आहे आणि दुसरा मध्ये काळा पडदा आणून बदलण्याचा. दुसरा पर्याय परिच्छेद बदलल्यासारखा आहे, एक प्रकरण संपले हे सांगायला तो चांगला. मात्र तुलना करायच्या दोन आकृत्यांमध्ये तो घातक ठरतो. रेन्सिंक, ओ'रीगन आणि क्लार्क यांनी १९९७ साली प्रयोगांतून दाखवले, की दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर कोरी चौकट आली तर त्यांच्यातला मोठा फरकही पाहणाऱ्याला पटकन सापडत नाही. म्हणजे सर्किटमध्ये एक कपॅसिटर वाढवल्याचे दाखवायचे आणि मध्ये काळा पडदा आणायचा, हे स्वतःचाच मुद्दा लपवण्यासारखे आहे.

पुशमध्ये जुनी स्लाइड नवीला जागा देत त्याच दिशेने ढकलली जाते. त्यामुळे दोन्ही स्लाइड्स एकाच लांब कागदाचे भाग वाटतात. एका स्लाइडवर न मावणारी ब्लॉक आकृती किंवा कालरेषा दाखवायला हे उत्तम. अट एकच : सिग्नल डावीकडून उजवीकडे जात असेल तर नवी स्लाइड उजवीकडून यावी. ती खालून आली तर अव्यय चुकले.

वाइपमध्ये एक कड सरकत जाते आणि जुन्याखालचे नवे उघडते. चित्रपटात ही युक्ती जुनी आहे. अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराई'मध्ये आणि जॉर्ज लुकास यांच्या १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये वाइप ठळकपणे दिसतो. तेथे तो स्थळ किंवा काळ बदलल्याचे सांगतो. स्लाइडमध्ये त्याचा उत्तम उपयोग 'आधी' आणि 'नंतर' दाखवायला होतो : नॉइज असलेली प्रतिमा आणि फिल्टर लावलेली तीच प्रतिमा, एकाच जागी. कड सरकताना अर्धे जुने आणि अर्धे नवे एकदम दिसते आणि तुलना आपोआप घडते.

मॉर्फ पॉवरपॉइंटमध्ये २०१५ च्या सुमारास आले. दोन स्लाइड्सवरच्या समान वस्तू ओळखून ते त्यांची जागा, माप आणि रंग हळूहळू बदलते. बबल सॉर्टमध्ये दोन संख्यांची अदलाबदल किंवा स्टॅकवर नवा घटक येणे दाखवायला याच्याइतके अनुरूप साधन नाही, कारण येथे हालचाल हाच आशय आहे. सॉफ्टवेअरने चुकीच्या वस्तूंची जोडी लावली, तर सिलेक्शन पेनमध्ये दोन्ही वस्तूंना दोन उद्गारचिन्हांनी सुरू होणारे एकच नाव द्यावे. मर्यादाही आहे : मॉर्फ न चालणाऱ्या जुन्या आवृत्तीत त्याजागी फेड दिसतो, आणि पीडीएफ केल्यावर कोणतेच ट्रान्झिशन उरत नाही. म्हणून हालचालीवाचूनही समजतील अशाच दोन स्लाइड्स कराव्यात.

आता दुसरी बाजू. कर्टन्स उघडतो तेव्हा नाटक सुरू होणार असे वाटते. प्रस्तावनेनंतर 'साहित्य सर्वेक्षण' ही स्लाइड पडदा उघडून आली, तर अपेक्षा आणि आशय यांत विसंगती होते. पेज कर्ल पुस्तकाचे पान उलटते, पण स्लाइड हे पान नसते. व्हॉर्टेक्समध्ये स्लाइडचे असंख्य तुकडे भोवऱ्यात फिरतात. ही हालचाल जुळेल असे नाते अभ्यासाच्या विषयांत क्वचितच सापडेल. रँडम तर सगळ्यांत वाईट. त्यात परिणाम सॉफ्टवेअर निवडते. 'आणि' म्हणायचे की 'पण', हे चिठ्ठी टाकून ठरवण्यासारखे ते आहे, आणि त्याचा प्रिव्ह्यू पाहण्यालाही अर्थ नाही.

४. प्रिव्ह्यू काय दाखवतो आणि काय नाही

पॉवरपॉइंटमध्ये परिणाम निवडताच तो चालून दिसतो आणि प्रिव्ह्यू बटणाने पुन्हा पाहता येतो. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये स्लाइड ट्रान्झिशनच्या बाजूपट्टीत स्वयंचलित प्रिव्ह्यूची खूण आणि प्ले बटण असते. गुगल स्लाइड्समध्येही मोशन पट्टीत प्ले बटण आहे. सोय चांगली आहे, पण ती कोणत्या परिस्थितीत पाहतो ते ध्यानात घ्या. आपण खुर्चीत बसलेलो असतो, चौकट लहान असते, संगणक आपलाच असतो आणि आपण गप्प असतो.

प्रत्यक्षात चारही गोष्टी बदलतात. लहान चौकटीत मजेशीर वाटणारे फिरणे भिंतभर पडद्यावर काहींना गरगरल्यासारखे करते. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांना फ्लॅशसारखा झगझगाट सोसत नाही. वेबच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लकलकू नये असे सांगितले आहे. ऑनलाइन सादरीकरणात पडदा शेअर केला की इंटरनेटच्या वेगाप्रमाणे तीच हालचाल तुटक होते. शिवाय प्रिव्ह्यूत परिणाम एकदाच दिसतो, श्रोत्यांना तो एकोणीस वेळा सोसावा लागतो.

आणखी एक गोष्ट प्रिव्ह्यूत कळत नाही. ट्रान्झिशन येणाऱ्या स्लाइडला जोडलेले असते, जसे अव्यय पुढच्या वाक्याच्या आरंभी असते. तुम्ही स्लाइड्सचा क्रम बदललात, तर ते त्या स्लाइडबरोबर नव्या जागी जाते. कालचा 'म्हणून' आज वेगळ्याच वाक्यामागे येऊन बसतो. क्रम बदलल्यावर ट्रान्झिशन पुन्हा तपासायचे ते यासाठी.

५. खरी तपासणी

प्रिव्ह्यू बटणाऐवजी मागच्या स्लाइडवर जा, शिफ्ट दाबून एफ५ दाबा. पॉवरपॉइंट आणि इम्प्रेस दोन्हींत स्लाइड शो चालू स्लाइडपासून सुरू होतो. आता उभे राहा. मागच्या स्लाइडचे शेवटचे वाक्य मोठ्याने म्हणा, पुढे जा आणि नव्या स्लाइडचे पहिले वाक्य म्हणा. मध्ये तुमच्या तोंडी कोणता जोडशब्द आला? 'यातच पुढे', 'याउलट', 'त्यानंतर' असे काही आले आणि हालचाल त्याच्याशी जुळली, तर ठेवा. जोडशब्द आलाच नाही, तर नन निवडा. हालचाल संपायची वाट पाहत तुम्ही थांबलात, तर कालावधी कमी करा. एका सेकंदाच्या आत बहुतेक काम होते. शेवटी स्लाइड सॉर्टरमध्ये सगळ्या स्लाइड्स एकदम पाहा. पॉवरपॉइंटमध्ये ट्रान्झिशन असलेल्या स्लाइडखाली ताऱ्याची खूण दिसते. प्रत्येक ताऱ्याचे कारण एका शब्दात सांगता आले पाहिजे.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप : मग ट्रान्झिशन अजिबात वापरूच नये. हे मला पटत नाही. जेफ्री हीर आणि जॉर्ज रॉबर्टसन यांनी २००७ साली सांख्यिकीय आलेखांवर प्रयोग केले. एका आलेखाचे दुसऱ्यात रूपांतर नीट आखलेल्या हालचालीने दाखवले, तेव्हा पाहणाऱ्यांना बदल अधिक चांगला समजला. अव्ययांचा अतिरेक वाईट म्हणून अव्ययेच काढून टाकली, तर उरतात तुटक वाक्ये.

दुसरा आक्षेप : श्रोते कंटाळतात, थोडी गंमत हवी. गंमत जरूर असावी, पण ती उदाहरणात, प्रश्नात, अनपेक्षित निष्कर्षात असावी. परिणामाकडे गेलेले लक्ष तेथून आशयाकडे वळतेच असे नाही. परीक्षकाला स्लाइड भोवऱ्यात फिरलेली आठवली आणि निष्कर्ष आठवला नाही, तर त्यात विद्यार्थ्याचेच नुकसान आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या एखाद्या जुन्या सादरीकरणातली सलग पाच ट्रान्झिशन घ्या. प्रत्येकासाठी एक जोडशब्द लिहा. शब्द न सापडल्यास ट्रान्झिशन काढा.

२. जवळजवळ सारख्या दोन आकृत्या एकाच जागी ठेवा. कट आणि काळ्या पडद्याचा फेड अशा दोन रीतींनी मित्राला दाखवा. फरक कोणत्या वेळी लवकर सापडतो ते नोंदवा.

३. कोणताही एक अल्गोरिदम मॉर्फ किंवा पुश वापरून तीन स्लाइड्सत मांडा. मग त्याची पीडीएफ करा. हालचालीशिवायही तो समजतो का, ते वर्गमित्राला विचारा.