मोळी आणि आंघोळ

‘श्यामची आई’मधील मोळीचा प्रसंग मराठी वाचकाला नव्याने सांगावा लागत नाही. एका अस्पृश्य म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडलेली असते. विटाळाच्या भीतीने कोणी हात लावीत नाही. आई श्यामला सांगते की, जा, मोळी तिच्या डोक्यावर चढव आणि घरी येऊन आंघोळ कर. हा प्रसंग मी वर्गात अनेकदा वाचून दाखविला आहे आणि दर वेळी माझा आवाज जड झाला आहे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, मोळी उचलणं चांगलं काम होतं ना? मग आंघोळ कशाला?” मी म्हणालो, “त्या काळी तसंच होतं,” आणि पान उलटले. तो मुलगा ज्या वस्तीतून येत होता, ती मला ठाऊक होती. म्हणूनच मी पान उलटले.

त्या आईवर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. ती स्वतः कर्जाखाली पिचलेली, दाराशी सावकाराचा माणूस आला की मान खाली घालणारी बाई. तिच्या काळात तिने केले ते थोडे नव्हे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसून ते स्वतः त्या आंघोळीच्या पुष्कळ पुढे गेले. परंतु पुस्तकातला प्रसंग एक गोष्ट नकळत सांगून जातो. घरात दारिद्र्य असले तरी श्यामजवळ एक मिळकत होती, आणि ती म्हणजे आंघोळ. तो पाणी ओतून पूर्ववत होऊ शकत होता. म्हातारीला तशी सोय नव्हती. विशेषाधिकार म्हणतात तो हाच. तो पुष्कळदा पैशात दिसत नाही, सहज धुऊन निघण्यात दिसतो.

याची दुसरी बाजू बाबुराव बागुलांनी १९६३ साली दाखविली. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला तरुण नोकरीसाठी परगावी येतो आणि राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवितो. ती उघडी पडताच, ज्यांनी स्नेह दिला तेच त्याला मारतात. शीर्षकातले ‘चोरली’ हे क्रियापद नीट पाहावे. त्याने लपविले ते स्वतःचेच होते. तरी चोर तो ठरला.

आणि १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. गावकामगाराला मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याचे हे नाव पवारांनी आपल्या साऱ्या आयुष्याला दिले. येथे लिहिणारा दया पवार आणि भोगणारा दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात. शिकून नोकरीला लागलेला माणूस मागे राहिलेल्यांच्या आठवणीने स्वतःला जाब विचारतो. मला या पुस्तकातले सर्वांत मोठे मर्म हेच वाटते. ज्याच्या वाट्याला सर्वांत कमी आले, तो आपल्या देण्याचा हिशेब मांडतो. आणि आपण वाचक डोळे पुसून मोकळे होतो. ते अश्रू म्हणजे आपली आंघोळच होय.

“आजोबांच्या पापाचे प्रायश्चित्त आम्ही का घ्यावे?” असा प्रश्न शिकलेली माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. आजोबांचे घर घेणाऱ्याला घरावरचे कर्ज नाकारता येत नाही, हे श्यामच्या घरालाही चांगले ठाऊक होते. जबाबदारी म्हणजे अपराध नव्हे, आणि उपकार तर नव्हेच. ती चालत आलेली बाकी आहे. फेडायची ती सर्वांनी मिळून, कारण घर आता सर्वांचे आहे.

हे लिहिताना मीही निर्दोष नाही. त्या प्रश्नानंतर काही दिवसांनी मी वर्गातल्या कामांची वही उघडली. माठ भरण्याच्या पाळीत काही नावे पुनःपुन्हा होती; झाडण्याच्या पाळीत दुसरीच. अक्षर माझे होते. मी मुद्दाम काही केले नव्हते. हात सवयीने चालला होता. दुसऱ्या दिवसापासून पाळ्या हजेरीच्या क्रमाने लावल्या. दोन पालक विचारायला आले. त्यांना मी उत्तर दिले. त्या मुलाला मात्र दिले नाही; वर्ष संपले आणि तो शाळा सोडून गेला.

आता तो प्रसंग वाचताना मी मध्येच थांबतो आणि मुलांना सांगतो की, मोळी बरोबर होती, आंघोळ चुकली. पुस्तकाचा मोठेपणा त्याने कमी होत नाही. मोळी उचलल्यावर काय करायचे, हे त्या आईला सांगता आले नाही. ते आता आपल्याला ठरवायचे आहे.