नागझिऱ्याचा वाघ इतका केशरी कसा?

गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा हे गाव बहुतेकांना माहीत असते ते नागझिरा अभयारण्याचे एक प्रवेशद्वार म्हणून. (२०१३ पासून हे अभयारण्य नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे.) या फाटकातून उन्हाळ्यात जंगलात जाऊन आलेल्या एका शिक्षक मित्रांनी आम्हाला एकाच वाघाचे दोन फोटो दाखवले. एक कॅमेऱ्यातून निघाला तसा, दुसरा संगणकावर ‘सुधारलेला’. प्राण्यांचा रंग त्यांना लपायला कशी मदत करतो हे शिकवण्यासाठी दुसरा फोटो त्यांनी वर्गात लावला आहे.

फोटो देखणा आहे, यात शंका नाही. पण ज्यासाठी तो लावला, नेमके त्याच्या उलट तो शिकवतो.

फोटो सुधारण्याच्या प्रणालीत एकेका रंगाची संपृक्तता स्वतंत्रपणे बदलता येते. रंगात करडेपणा जितका कमी, तितकी संपृक्तता जास्त. फोटोतील प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांनी नोंदलेला असतो. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. त्यांवरून बिंदूची रंगचक्रावरील जागा ठरते. तांबडा ० अंशांवर, पिवळा ६०, हिरवा १२०. समजा, वाघाच्या अंगावरील एक बिंदू २००, १३०, ६० आहे. त्याची जागा येते ३० अंशांवर. शेजारच्या वाळल्या गवताचा बिंदू २००, १७०, ११० असेल तर तो ४० अंशांवर. अंतर अवघे १० अंश! मित्रांनी केशरी वाढवला, पिवळा उतरवला. मग पहिला बिंदू २००, १००, ० कडे सरकतो आणि दुसरा करडा पडू लागतो. निळा आकडा शून्याला टेकला तिथे वाघाच्या केसांतले बारीक फरकही पुसले गेले. शिवाय कोपऱ्यात आलेला वाटाड्याचा हात भगवा झाला तो वेगळाच. माणसाची त्वचाही या केशरी पट्ट्यातच मोडते ना!

हात चालेल एक वेळ. वाघाचे काय? आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणांच्या डोळ्यांत दोनच. केशरी आणि हिरवा यांतला फरक त्यांना जवळजवळ कळत नाही. आपल्याला भडक वाटणारा वाघ चितळाला झुडपात दिसत नाही तो त्यामुळे. म्हणजे मित्रांनी वाढवला तो नेमका भक्ष्याला न दिसणारा फरक. असा फोटो पाहून मुले विचारणारच, “सर, हा लपतो कुठे?”

आम्ही त्यांना सुचवले, हीच प्रणाली उलटी चालवा. मूळ फोटो घ्या. केशरी, पिवळा आणि हिरवा या तिन्ही रंगांची संपृक्तता शून्यावर आणा. चितळाची नजर यातून हुबेहूब मिळणार नाही, कारण त्याला पिवळा आणि निळा वेगळे ओळखता येतात. पण अंगावरचे पट्टे आणि गवताच्या सावल्या एकमेकांत कशा मिसळतात ते दिसेल. मित्रांनी तिथेच करून पाहिले. वाघ कुठे आहे हे ठाऊक असूनही त्याची शेपटी शोधायला आम्हाला बराच वेळ लागला.