पटकथेविषयीचे गोड गैरसमज

दहावीतला एक विद्यार्थी परवा वही घेऊन आला. "सर, परीक्षा देत नाही. मुंबईला जातो. पटकथाकार व्हायचंय." वहीत काय होते? नुसते टाळ्याखाऊ संवाद!

हाच पहिला गैरसमज. संवाद म्हणजे पटकथा नव्हे. १९८० सालचा 'आक्रोश' आठवा. पटकथा विजय तेंडुलकरांची. बायकोच्या खुनाचा आरोप माथी आलेला लहान्या भिकू तुरुंगात आहे. वकील परोपरीने विनवतो, पण हा तोंड उघडत नाही. अखेर फुटते ती किंकाळीच. ओम पुरींनी ते मौन डोळ्यांनी पेलले हे खरे. परंतु ते आधी कागदावर बेतावे लागले होते.

दुसरा गैरसमज आम्हां कादंबरीकारांचा. कथा चांगली असली की पटकथा झालीच, असे आम्हांला वाटते. मीही माझ्या एका कादंबरीची पटकथा करायला बसलो होतो. 'तिला ती संध्याकाळ आठवली' हे पहिलेच वाक्य आडवे आले. आठवणे पडद्यावर दिसावे कसे? रात्र सरली, वाक्य हलेना. 'सिंहासन' (१९७९) हा चित्रपट तर अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी रचला. त्यासाठी किती पानांवर पाणी सोडावे लागले असेल! आपल्याच वाक्यांचा मोह मला सुटला नाही. माझे बाड अजून फळीवर आहे.

तिसरा गैरसमज पदवीचा. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) लिहिणारे गदिमा मॅट्रिक झालेले नव्हते. तेंडुलकरांनी १९४२ च्या चळवळीत शाळा सोडली. हे ऐकून विद्यार्थ्याचा चेहरा खुलला. मी म्हटले, "थांब. त्यांनी शाळा सोडली, वाचन नाही. मीही मॅट्रिकच आहे. तेवढ्याने मी गदिमा झालो नाही!"

मग त्याला एक काम दिले : "आईची एक सकाळ लिहून आण. संवाद एकही नको."

आठ दिवसांनी त्याने चारच ओळी आणल्या. आई सगळ्यांचे चहाचे कप भरते. पातेल्यात डोकावते. त्यात पाणी ओतून विसळते आणि पातेले पालथे घालते. स्वतःचा कप न घेताच भाकऱ्या थापायला बसते.

मी बराच वेळ काही बोललो नाही. मुलाने पाहिले होते. परीक्षेला मात्र बस, असे त्याला बजावले आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही.