‘ऐच्छिक’ परीक्षा नेमकी कुणासाठी ऐच्छिक असते?

2021 चा जुलै महिना. प्रयोगशाळा, ग्रंथालय सगळं बंद असल्यामुळे मी कुंभारीत घरीच होते. घरात लॅपटॉप आणि बऱ्यापैकी चालणारं नेट असलं की गल्लीतल्या मुलांचे फॉर्म भरायचं काम आपोआप तुमच्याकडे येतं. तसं ते माझ्याकडेही आलं. दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली होती आणि अकरावीच्या प्रवेशासाठी सरकारनं एक सामाईक परीक्षा, म्हणजे सीईटी, जाहीर केली होती. ती ऐच्छिक होती.

आमच्या ओट्यावर त्या दिवशी दोन पालक होते. एक विडी कामगार अक्का, गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या. त्यांची मुलगी मराठी माध्यमात, राज्य मंडळाच्या शाळेत. दुसरे एक काका, ज्यांचा मुलगा सोलापुरात सीबीएसईच्या शाळेत. तुम्हाला वाटेल, काका परीक्षेच्या बाजूनं असतील आणि अक्का विरोधात. झालं उलटंच.

अक्का म्हणाल्या, “सगळ्यांची एकच परीक्षा होऊ दे की. विड्या तपासणारा बदलला की छाट कमी-जास्त होते. शाळेनं दिलेल्या मार्कांचं पण तसंच.” छाट म्हणजे तपासणीत बाद झालेल्या विड्या.

काका म्हणाले, “पुस्तकं तुमच्या बोर्डाची, पेपर तुमच्या बोर्डाचा, आणि द्यायचा आमच्या पोरानं? ह्याला न्याय म्हणायचं का?”

दोघांचंही बरोबर होतं. मग घोळ कुठे होता? माझा विषय संख्याशास्त्र, शिक्षणशास्त्र नाही. पण हा प्रश्न बराचसा मोजमापाचा आहे, म्हणून या लेखात त्या सीईटीच्या आखणीची चिकित्सा करतेय. आज का? तर 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीनं सुरू झालेत. तोवर हा प्रकार मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांपुरता होता. आता सोलापूरच्या मुलांचे गुणही त्याच यंत्रणेत जातात, त्यामुळे ‘गुण म्हणजे नक्की काय’ हा प्रश्न आपल्याही दारात आलाय.

आधी काय घडलं ते

2021 च्या दहावीचा निकाल एका सूत्रानं लावला गेला. प्रत्येक विषयाच्या 100 पैकी 50 गुण नववीच्या निकालावरून, 30 दहावीतल्या शाळेच्या लेखी मूल्यमापनावरून आणि 20 तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांवरून. आता गंमत बघा. ही मुलं नववीत होती 2019-20 मध्ये, आणि त्या वर्षी टाळेबंदीमुळे नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाच झाली नाही. म्हणजे ते 50 गुण मुख्यतः पहिल्या सत्रावर उभे होते. सहामाहीचा पेपर लिहिताना एकाही मुलाला माहीत नव्हतं की आपण अकरावीच्या प्रवेशाचा पेपर लिहितोय.

निकाल लागला 99.95 टक्के. शंभर टक्के गुण मिळालेली मुलं 957. आदल्या वर्षी ती 242 होती. नव्वद टक्क्यांच्या वर एक लाखाहून जास्त मुलं.

हे गुण पुरेसा फरक दाखवत नाहीत म्हणून सीईटी. 28 मे 2021 च्या शासन निर्णयानं ती आणली. शंभर गुण, दोन तास, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं, अभ्यासक्रम राज्य मंडळाचा. परीक्षा 21 ऑगस्टला व्हायची होती. पण एका आयसीएसई विद्यार्थिनीच्या याचिकेवर 10 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं तो शासन निर्णय रद्द केला आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांवर प्रवेश द्यायला सांगितलं. एका मंडळाच्या अभ्यासक्रमावर सगळ्यांना तोलणं अन्यायाचं आहे, महामारीत मुलांना केंद्रांवर बोलावणं धोक्याचं आहे, आणि असा निर्णय काढायचा सरकारला कायद्यानं अधिकारही नाही, असे मुद्दे त्यात होते.

थोडक्यात, काका जिंकले. अक्कांचा मुद्दा मात्र तसाच राहिला.

अमेरिकेतलं संशोधन इथे जसंच्या तसं का चालत नाही

या विषयावरचं बहुतेक संशोधन अमेरिकेतलं आहे. तिथे अनेक विद्यापीठांनी सॅट ही प्रवेश परीक्षा ऐच्छिक केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीनं 2020 च्या सुरुवातीला अहवाल दिला, की पहिल्या वर्षाच्या निकालाचा अंदाज शाळेच्या गुणांपेक्षा परीक्षेवरून थोडा जास्त चांगला येतो, आणि वंचित गटांतल्या मुलांच्या बाबतीतही येतो. परीक्षा लगेच काढू नका, असं समितीचं म्हणणं होतं. तरी त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठाच्या नियामक मंडळानं ती टप्प्याटप्प्यानं काढायचं ठरवलं.

आपल्याकडे परीक्षेच्या बाजूचे लोक हा अहवाल पुढे करतात. विरोधक तमिळनाडूतल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीचा 2021 चा अहवाल पुढे करतात. ‘नीट’ आल्यावर ग्रामीण, सरकारी शाळांतल्या आणि तमिळ माध्यमातल्या मुलांचं वैद्यकीय प्रवेशातलं प्रमाण घसरलं, असं तो सांगतो.

मग खरं कोण? माझं म्हणणं असं की दोन्ही अहवाल एकाच शब्दाचे दोन वेगळे अर्थ धरून चाललेत. तो शब्द म्हणजे ‘गुण’. अमेरिकेत परीक्षेला पर्याय म्हणून येतात ते शाळेनं दिलेले गुण. प्रत्येक शाळेचा हात वेगळा, कुठे सढळ, कुठे आखडता. तमिळनाडूत नीटच्या आधी चालायचे ते बारावीच्या बोर्डाचे गुण, म्हणजे राज्यभर एकच पेपर आणि तपासणारा बाहेरचा. तिथे प्रश्न ‘परीक्षा की गुण’ असा नव्हता, ‘ही परीक्षा की ती परीक्षा’ असा होता. एक परीक्षा शाळेच्या पुस्तकावर आणि शाळेच्या भाषेत होती. दुसरीसाठी वेगळी शिकवणी लागत होती.

म्हणून एकाचे निष्कर्ष उचलून दुसऱ्याला लावता येत नाहीत. आणि 2021 चं वर्ष आपल्यासाठी महत्त्वाचं ते याचमुळे. त्या वर्षी महाराष्ट्रात पहिल्यांदाच दहावीचे गुण पूर्णपणे शाळेच्या हातचे होते. अक्कांची छाटेची उपमा बोर्डाच्या नेहमीच्या परीक्षेला तितकीशी लागू पडत नाही, पण 2021 ला तंतोतंत पडते.

एरवीही शाळेच्या हातच्या गुणांचं वजन केवढं असतं ते पाहा. 2019 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले तोंडी परीक्षेचे 20 गुण काढले, तर दहावीचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. पालकांनी ओरड केली, की सीबीएसई-आयसीएसईच्या मुलांना अंतर्गत गुण आणि आमच्याच मुलांना का नाहीत? पुढच्या वर्षी ते परत आले आणि निकाल 95.30 टक्के झाला. ही सगळी वाढ त्या 20 गुणांमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी भूगोलाचा पेपरही रद्द होऊन सरासरीनं गुण दिले होते. पण एवढं नक्की, की एका वर्षात मुलं इतकी हुशार किंवा ढ होत नाहीत. बदललं ते माप.

खरी खोट: ‘ऐच्छिक’

आता माझा मुख्य आक्षेप. न्यायालयासमोर भर राहिला अभ्यासक्रमावर आणि साथीवर. माझ्या मते त्या योजनेतला सगळ्यात वाईट शब्द ‘ऐच्छिक’ हा होता.

नियम असा होता: सीईटी दिलेल्यांना आधी प्रवेश, उरलेल्या जागा न दिलेल्यांना. म्हणजे मागणी असलेल्या कॉलेजसाठी परीक्षा सक्तीचीच, फक्त तसं म्हणायचं नाही. ज्यांना नियम वाचता येतो त्यांना हे लगेच कळतं. फॉर्म भरताना अक्का मला विचारत होत्या, “ऐच्छिक म्हणजे नाही दिली तरी चालतंय ना?” त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, कामाची बोली मराठी, आणि शासन निर्णयाची भाषा या दोन्हींपेक्षा वेगळी. सगळ्यांची एकच परीक्षा मागणाऱ्या बाईला तीच परीक्षा सोडून द्यावी का, असा प्रश्न पडला तो या एका शब्दामुळे.

यावरही संशोधन आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजनं 2024 च्या फेब्रुवारीत परीक्षा पुन्हा सक्तीची केली. त्यामागच्या अभ्यासात दिसलं, की परीक्षा ऐच्छिक असताना गरीब घरांतल्या बऱ्याच मुलांनी आपले गुण कळवलेच नाहीत. कॉलेजच्या सरासरीच्या तुलनेत ते त्यांना कमी वाटले. पण त्यांच्या परिस्थितीच्या हिशेबानं ते चांगलेच होते, आणि कळवले असते तर प्रवेशाची शक्यता वाढली असती. ‘कळवू की नको’ हे ठरवायला माहिती लागते, आणि ती सधन घरात जास्त असते. पर्याय सगळ्यांना सारखा दिला म्हणून तो सारखा वापरला जात नाही.

संख्याशास्त्राच्या भाषेत ही निवडीची चूक. सगळे परीक्षेला बसतात तेव्हा गुण मुलाबद्दल काहीतरी सांगतात. ज्याला वाटलं तोच बसतो, तेव्हा ते ‘बसायचं की नाही हे कुणी नीट ठरवलं’ तेही सांगायला लागतात. मुलाचं गणित आणि पालकांची माहिती एकाच आकड्यात मिसळतात, आणि नंतर ती वेगळी काढता येत नाहीत.

परीक्षेची बाजू घेणाऱ्यांनाही एक सांगायचंय. एकच पेपर म्हणजे एकच माप हे खरं, पण माप एक असलं तरी तिथपर्यंतची वाट एक नसते. कुंभारीतच बघा. गावात वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच गावात विडी कामगार बायकांची दहा हजार घरं. महाविद्यालय इतकं जवळ असलं, तरी त्याच्या दारापर्यंतचा रस्ता नीटवरून आणि फीवरून जातो. हजार विड्या वळून मग चूल बघणाऱ्या घरातल्या मुलीचे 70 आणि शहरातल्या शिकवणीच्या मुलाचे 70 सारखे दिसतात, सारखे नसतात. तमिळनाडूनं सरकारी शाळांतल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात 7.5 टक्के जागा ठेवल्या, त्या याच जाणिवेतून.

मग काय करायचं?

पुढच्या वेळी असं काही जाहीर झालं तर ‘परीक्षा हवी की नको’ यावर भांडायच्या आधी हे विचारा. हे गुण दिले कुणी, शाळेनं की बाहेरच्यानं? पेपर कुणाच्या पुस्तकावर आणि कुणाच्या भाषेत आहे? परीक्षा न देणाऱ्याचं नेमकं काय होणार, आणि हे न देणाऱ्याच्या घरी समजलंय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल, तर परीक्षा सगळ्यांना ठेवा किंवा कुणालाच नको.

काकांचा मुलगा त्याला हव्या त्या कॉलेजात गेला. अक्कांच्या मुलीला प्रवेश मिळाला, पण तिसऱ्या पसंतीच्या कॉलेजात. तिच्या शाळेचा हात आखडता होता. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच एरवी सगळ्यांना सांगत असते. पण आदेश आला त्या संध्याकाळी अक्कांनी विचारलेलं अजून माझ्या डोक्यात आहे: “मग आता हिचे मार्क कोण तपासणार?” त्यांना पुनर्तपासणी म्हणायचं नव्हतं. शाळेनं किती मोजून दिले आणि किती ढिलाईनं, हे कोण बघणार, असं त्या विचारत होत्या. हा प्रश्न आजही विचारता येतो, कारण दहावीच्या शंभरातले 20 गुण अजूनही शाळेच्याच हातात आहेत.