विरस अवसान आणि भोक्त्याचा अधिकार

१

कलाकृतीचा शेवट भोक्त्याला रुचला नाही, तर तो बदलून मागण्याचा अधिकार त्याला आहे काय, आणि असा बदल केला गेल्यास त्या कृतीचे कलापण शिल्लक राहते काय, हा प्रश्न व्हिडिओ गेमच्या निमित्ताने पुन्हा उपस्थित झाला आहे. २०१२ च्या मार्च महिन्यात 'मास इफेक्ट ३' हा खेळ प्रसिद्ध झाला. २००७ आणि २०१० मधील दोन खेळांनंतरचा हा तिसरा भाग. पहिल्या भागात घेतलेल्या निर्णयांचे परिणाम तिसऱ्या भागापर्यंत पोहोचतात, हे या मालिकेचे वैशिष्ट्य होते. अखेरीस मात्र सर्वांच्या वाट्याला जवळजवळ सारखेच तीन पर्याय आले आणि खेळणाऱ्यांचा क्षोभ उसळला. शेवट बदलावा अशी जाहीर मागणी झाली. तिला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद असा होता, की खेळ ही कला असेल तर तिचा शेवट ग्राहकांच्या मागणीवरून बदलता येणार नाही. आणि बदलला तर ती कला नव्हे, विकाऊ वस्तू ठरेल.

या वादाचे एक लहान रूप महाराष्ट्रातही आढळते. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. राक्षसाने पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा. तिच्या दृश्यरूपाची, वास्तुरचनेची आणि पुराणकथांच्या वापराची वाखाणणी झाली. परंतु शेवट एकाएकी येतो, ही तक्रारही अनेक परीक्षणांत नोंदवली गेली.

या वादात दोन्ही पक्षांनी एक गृहीतक न तपासता स्वीकारलेले दिसते. 'कला' ही पदवी मिळाली की कृतीला भोक्त्याच्या आक्षेपापासून अभय मिळते, हे ते गृहीतक होय. एक पक्ष अभयासाठी पदवी मागतो, दुसरा अभय नाकारण्यासाठी पदवी हिरावून घेतो. वस्तुतः पदवीचा आणि अभयाचा असा संबंध भारतीय साहित्यविचाराने कधी मानलेला नाही. शेवटाविषयीची नाराजी ही एकजिनसी गोष्ट नाही, आणि तिचे प्रकार वेगळे केल्याशिवाय या प्रश्नाचा निर्णय लागणार नाही, एवढे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

२

वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले राम शेवाळकर रामायण-महाभारतावरील आपल्या व्याख्यानांसाठी महाराष्ट्रभर ओळखले जात. अशा व्याख्यानाला बसलेल्या श्रोत्याला शेवट आधीच ठाऊक असतो. यादवकुळ आपसांत लढून नष्ट होणार, पांडव एकामागून एक हिमालयात कोसळणार, आणि विजयाचे सुख कोणालाही लाभणार नाही, हे जाणूनच तो येतो. शेवट सुखद नसल्याची तक्रार घेऊन तो घरी परतत नाही. याचे कारण केवळ श्रद्धा हे नव्हे.

आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात याची मीमांसा केली आहे. महाभारताचा अंगी रस शांत आहे, हे त्याने प्रामुख्याने ग्रंथाच्या समाप्तीवरून ठरवले. वृष्णी आणि पांडव यांचे विरस अवसान दाखवून व्यासांनी वैराग्य उत्पन्न केले, असे तो म्हणतो. मनाला खट्टू करणारी समाप्ती हा येथे दोष ठरत नाही. सबंध ग्रंथाचा अर्थ उलगडण्याची किल्ली तीच होय. युधिष्ठिर सिंहासनावर बसला आणि ग्रंथ तेथेच संपला असता, तर बहुतेक श्रोते संतुष्ट झाले असते; परंतु त्यांनी ऐकलेला ग्रंथ महाभारत राहिला नसता.

याची उलट बाजूही मराठी रंगभूमीवर दाखवता येते. देवलांच्या 'संगीत शारदा' (१८९९) या नाटकात पैशासाठी मुलीचा वृद्धाशी विवाह लावून देणाऱ्या बापाचा प्रश्न मांडला आहे. हा विवाह मोडतो तो मात्र वधूवर सगोत्र निघाल्यामुळे; आणि शारदेचा कोदंडाशी विवाह होऊन नाटक सुखान्त होते. प्रेक्षकाची इच्छा येथे पूर्ण होते, परंतु नाटकाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. तोच वृद्ध भिन्न गोत्राचा असता तर काय, ही शंका मागे उरते. सारांश, सुखावणारा शेवट उणा असू शकतो आणि दुखावणारा शेवट अपरिहार्य असू शकतो. रुची-अरुचीवरून कलापणाचा निर्णय दोन्हीकडून अशक्य ठरतो.

३

मग भोक्त्याच्या आक्षेपाला काहीच मोल नाही काय? या प्रश्नाचे सर्वांत मार्मिक उत्तर विदर्भाशी नाते सांगणाऱ्या एका नाटककाराच्या कृतीत सापडते. भवभूतीने आपल्या पूर्वजांचे स्थान म्हणून दक्षिणापथातील पद्मपुराचा उल्लेख केला आहे, आणि हे पद्मपूर विदर्भात होते असे मानले जाते. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात गंगातीरी वाल्मीकीचे नाटक अप्सरांकडून सादर होते. राम आणि लक्ष्मण हेच त्याचे प्रेक्षक. त्यागानंतरचे सीतेचे दुःख राम रंगमंचावर पाहतो. पृथ्वी आणि गंगा तिला घेऊन अंतर्धान पावतात आणि राम मूर्च्छित होतो. तेव्हा लक्ष्मण वाल्मीकीलाच हाक मारून विचारतो, की तुमच्या काव्याचा अर्थ हाच काय? शेवटाविषयी कवीला थेट जाब विचारणाऱ्या प्रेक्षकाचे इतके स्पष्ट चित्र इतरत्र क्वचितच आढळेल.

यानंतर भवभूती शेवट बदलतो. खरी सीता प्रकट होते आणि रामाशी तिचे मीलन होते. परंतु हा बदल लक्ष्मणाच्या व्याकुळतेला दिलेला दिलासा एवढाच नाही. सीतेचा त्याग लोकापवादामुळे झाला होता. म्हणून अरुंधती जमलेल्या प्रजाजनांपुढेच तिच्या शुद्धीचा प्रश्न ठेवते आणि प्रजाजन सीतेला वंदन करतात. ज्या लोकमताने हा अन्याय घडवला त्याच लोकमताला नाटकाच्या अखेरीस साक्षीदार म्हणून उभे केले आहे. मूळ कथेने उपस्थित केलेल्या आणि अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नाला हा शेवट उत्तर देतो. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत अवहेलना करणाऱ्या समकालीनांना बाजूला सारून भविष्यातील समानधर्म्याची वाट पाहणारा हा कवी लोकानुनयासाठी शेवट बदलणारा नव्हता. त्याचा बदल म्हणजे रामकथेची आतून केलेली समीक्षा होय. आणि या बदलामुळे रामायणाचे अथवा 'उत्तररामचरिता'चे कलापण उणावले, असे कोणी म्हटलेले नाही.

याउलट इब्सेनचे उदाहरण आहे. 'अ डॉल्स हाऊस' (१८७९) या नाटकातील नोराने घर सोडणे जर्मन रंगभूमीवर चालणार नाही असे दिसताच त्याने स्वतःच, नाइलाजाने, ती थांबते असा पर्यायी शेवट लिहून दिला. मात्र त्याला तो अत्याचारच वाटत होता. येथे बदलाने उत्तर दिले नाही. नाटकाने विचारलेला प्रश्नच मागे घेतला. तेव्हा शेवट बदलला की नाही हा मुद्दा गौण आहे. बदल कृतीच्या प्रश्नाकडे पाहून झाला की प्रेक्षकाच्या इच्छेकडे पाहून, हा मुद्दा निर्णायक आहे.

४

व्हिडिओ गेमच्या बाबतीत एक विशेष अडचण उभी राहते. अमेरिकन चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट याने व्हिडिओ गेम ही कला होऊ शकत नाही असे मत मांडले होते. निवड खेळणाऱ्याच्या हाती गेली की रचनेवरील कर्त्याचे नियंत्रण सुटते, हे त्याचे एक कारण. २०१० मध्ये त्याने या मताचा पुनरुच्चार केला, आणि पुरेसे खेळ न खेळता ते मांडायला नको होते अशी कबुलीही त्याच वर्षी दिली. तथापि त्याचा आक्षेप निराधार नाही. खेळणारा हा प्रेक्षकही आहे आणि पात्रही आहे. मग त्याचा आक्षेप आस्वादकाचा मानावा की सहकर्त्याचा?

मराठी समीक्षेला ही द्विविध अवस्था अपरिचित नाही. १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक पात्राशी तादात्म्य पावतो, परंतु स्वतःची जाणीव गमावत नाही. या दोन भूमिकांच्या एकसमयावच्छेदातूनच आनंद निर्माण होतो, हा तिचा आशय. व्हिडिओ गेममध्ये हा विकल्प हाताच्या बोटांपर्यंत येऊन पोहोचतो. शेपर्ड ही 'मास इफेक्ट'ची नायक-व्यक्तिरेखा. पण तिचे निर्णय खेळणाऱ्याचे. समाधी आणि विकल्प यांतील तोल येथे सहज ढळतो, आणि तो ढळला की नाराजीचे स्वरूपही पालटते.

अभिनवगुप्ताने सांगितलेली सात रसविघ्ने येथे उपयोगी पडतात. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे, हे त्यांतील एक. आपण घडवलेला नायक आत्मबलिदान करतो हे सहन न होणे, त्याने निवृत्त होऊन सुखाने राहावे असे वाटणे, हे या विघ्नाचे उदाहरण. येथे दोष भोक्त्याच्या ठायी आहे. परंतु स्फुटत्वाचा अभाव आणि अप्रधानता हीही विघ्नेच आहेत, आणि त्यांचे स्थान कृतीत असते. नाट्यशास्त्रानुसार निर्वहण संधीत आधीच्या संधींमध्ये विखुरलेले अर्थ एकत्र आणले जातात. जो खेळ निर्णयांची बीजे खेळणाऱ्याकडूनच पेरून घेतो, त्याच्यावर ती निर्वहणात गोळा करण्याचे दायित्व अधिकच येते. पेरलेले कोठे गेले, असे कोणी विचारले तर तो हट्ट नव्हे. ते निर्वहणाच्या दोषावर ठेवलेले नेमके बोट आहे.

'मास इफेक्ट ३'च्या वादात हे दोन्ही आक्षेप एकाच आवाजात मिसळले होते. २०१२ च्या जूनमध्ये निर्मात्यांनी विस्तारित शेवट विनामूल्य उपलब्ध करून दिला. त्यात मूळचे पर्याय कायम राहिले; निर्णयांचे परिणाम स्पष्ट करणारी दृश्ये वाढली; आणि सर्व पर्याय नाकारण्याची एक नवी वाट खुली झाली, जी पराभवाकडेच जाते. म्हणजे पहिल्या आक्षेपापुढे ते झुकले नाहीत, दुसऱ्याला मात्र त्यांनी उत्तर देऊ केले. ते पुरेसे होते की नाही याविषयी मतभेद संभवतो. पण यात कलेचा पराभव झाला असे म्हणण्यास आधार नाही.

'राजी'विषयीची तक्रार याहून सरळ आहे. रक्षाबंधनाच्या दिवशी झालेली बहीणभावाची ताटातूट हे तिचे बीज. काही तासांत संपणाऱ्या या खेळात दुर्गा आणि विष्णू राजीची वाटचाल वरून पाहतात, तिच्यावर भाष्य करतात. ते सूत्रधारही आहेत आणि प्रेक्षकही. भवभूतीच्या गर्भांकाशी नाते सांगणारी ही योजना मोठ्या शक्यतेची आहे. असा साक्षीदार देव रचनेत असताना शेवट घाईचा वाटावा, यात आनंदवर्धनाला अभिप्रेत असलेली विरसता नाही. विरस अवसानाला त्याआधीच्या सगळ्या रचनेचा भार पेलावा लागतो. एकाएकी आलेला शेवट तो भार उचलतच नाही. मर्यादित साधनांनी काम करणाऱ्या संस्थेची अडचण समजण्याजोगी आहे, परंतु अडचण हे समर्थन नव्हे. आणि येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की या खेळावर निर्वहणाच्या दोषाचा आक्षेप घेता येतो, यातच त्याच्या कलापणाची कबुली आहे. ज्या वस्तूपासून निर्वहणाची अपेक्षाच नसते, तिच्याविषयी असा आक्षेप संभवत नाही. सारीपाटाचा डाव एकाएकी संपला म्हणून कोणी कर्त्याला जाब विचारत नाही.

५

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी या दोन ध्रुवांमध्ये वावरणाऱ्या कलाविचाराचे विश्लेषण केले आहे. कलाकृतीला स्वायत्त ठरवून भोक्त्याला गप्प बसवणारा पक्ष एका ध्रुवाला चिकटतो. तिला ग्राहकाची मालमत्ता समजणारा पक्ष दुसऱ्या ध्रुवाला. व्हिडिओ गेमसारख्या नव्या प्रकाराने ही जुनी ओढाताण अधिक तीव्र केली आहे, निर्माण केलेली नाही.

भोक्त्याला अधिकार आहे तो विचारण्याचा. हवा तो शेवट मिळवण्याचा नव्हे. लक्ष्मणाने वाल्मीकीला काव्याचा अर्थ विचारला, सीता परत मागितली नाही. तिला परत आणण्याचा निर्णय कवीचा होता, आणि तो काव्यार्थाशी इमान राखून घेतला गेला. वणीत महाभारताची समाप्ती ऐकणारा विद्यार्थी आणि हातातील पडद्यावर खेळाचा शेवट गाठणारा विद्यार्थी आज एकच असू शकतो. पहिल्या ठिकाणी विरस अवसान पचवण्याची जी तयारी त्याला लाभते, तीच त्याने दुसऱ्या ठिकाणी वापरावी. आणि दुसऱ्या ठिकाणी अपुऱ्या निर्वहणाविषयी तो जो निर्भीड प्रश्न विचारतो, तो पहिल्या ठिकाणी विचारण्यासही त्याने कचरू नये.